तुमच्या मार्फत चाललेले बोलणे

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४९ वर्षांच्या आहेत. त्यांचे ७६ वर्षांचे वडील आणि २३ वर्षांची मुलगी त्यांच्यासोबत एकाच घरात राहतात. वडिलांनी उमेदीची सगळी वर्षे एकाच संस्थेत नोकरी केली. मुलीने पहिली नोकरी वर्षभराच्या आत सोडली आणि ‘आजोबांना इतक्यात सांगू नकोस’ असे आईला बजावले. आईने ते मान्य केले. दोन महिन्यांनी आजोबांना ही गोष्ट एका परिचिताकडून कळली. तेव्हापासून ते नातीशी तुटक बोलतात आणि ‘या पिढीला कशातच टिकून राहता येत नाही’ असे वारंवार म्हणतात. नातीचे म्हणणे असे, की आजोबांना काहीही सांगितले तरी त्याचे प्रवचन होते, त्यापेक्षा न सांगितलेलेच बरे. त्यांचा फोन ती उचलत नाही, मागाहून संदेश पाठवते. त्यांना तो अपमान वाटतो. दोघेही आपापले गाऱ्हाणे घेऊन पत्रलेखिकेकडे येतात. त्या विचारतात, ‘दोन पिढ्यांतले हे अंतर मी कसे मिटवू? दोघांना एकमेकांची बाजू समजावून सांगता सांगता मी थकले आहे आणि माझ्याच समजावण्यात काहीतरी कमी पडते आहे असे वाटते.’

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. वडील काय म्हणाले ते तुम्ही लिहिले आहे, मुलगी काय म्हणाली तेही लिहिले आहे. पण ही सगळी वाक्ये त्यांनी तुम्हाला ऐकवलेली आहेत. नोकरीच्या विषयावर आजोबा आणि नात समोरासमोर बोलले, असा एकही प्रसंग संपूर्ण पत्रात नाही. तुमचा प्रश्न पिढ्यांमधल्या अंतराचा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे, मात्र समजावण्यात तुमचे काही कमी पडते आहे हा निष्कर्ष मला मान्य नाही. माझ्या मते तुमचे समजावणे गरजेपेक्षा जास्त झाले आहे.

आधी ‘पिढी’ या गोष्टीकडे पाहू, कारण तुमच्या घरात प्रत्येक मतभेदाला हेच कारण दिले जाते आहे. थोरली आणि धाकटी माणसे वेगळी वागतात, तेव्हा त्यामागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात. एक म्हणजे वय: तेविसाव्या वर्षी जवळपास प्रत्येक जण जसा वागतो, तसे तो शहात्तराव्या वर्षी वागत नाही. दुसरे म्हणजे आजचा काळ, ज्याचा परिणाम घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी होत असतो. तिसरे म्हणजे ज्या काळात माणूस घडला त्या काळाचा त्याच्यावर कायमचा उमटलेला ठसा. खऱ्या अर्थाने पिढीचा फरक म्हणावा असा हा तिसराच. पण रोजच्या बोलण्यात आपण पहिल्या दोहोंचे खापरही त्याच्यावर फोडतो. ही गल्लत किती सहज होते याचे चांगले उदाहरण संशोधनातच आहे. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिएटल येथे प्रौढ माणसांच्या बौद्धिक क्षमतांचा अभ्यास सुरू केला. वेगवेगळ्या वयाच्या माणसांची एकाच वेळी चाचणी घेतली की वयस्कांचे गुण बरेच कमी दिसत आणि बुद्धी तरुणपणापासूनच उतरणीला लागते असा समज होई. त्याच माणसांची दर सात वर्षांनी पुन्हा चाचणी घेतल्यावर मात्र आढळले, की बहुतेकांच्या क्षमता साठीपर्यंत बऱ्याच अंशी टिकून राहतात. आधी दिसलेल्या तफावतीचा मोठा वाटा वाढत्या वयाचा नव्हता, तो वेगवेगळ्या काळात जन्मलेल्यांना मिळालेल्या वेगवेगळ्या शिक्षणाचा आणि परिस्थितीचा होता. तज्ज्ञांना जी गोष्ट ओळखायला अनेक वर्षांची मोजमापे लागली, ती घरातल्या घरात एका वाक्यात ठरवून टाकणे धाडसाचेच आहे.

नोकरी सोडण्याचेच घ्या. वडिलांना ते नव्या पिढीचे लक्षण वाटते. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१७ साली एक तुलना प्रसिद्ध केली होती: २०१६ मध्ये १८ ते ३५ वर्षांचे असलेले कर्मचारी आणि २००० साली त्याच वयाचे असलेले कर्मचारी यांत नोकरी लवकर बदलण्याची ओढ कोणाला जास्त होती? उत्तर असे निघाले, की नंतरच्या पिढीत ती जास्त नव्हती. ही आकडेवारी एका देशाची आहे, ती सगळीकडे जशीच्या तशी लागू होईल असे मी म्हणणार नाही. पण तिच्यामुळे एक शंका निश्चित उभी राहते, की तुमच्या मुलीचे वागणे तिच्या पिढीपेक्षा तिच्या वयाचे असेल. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माणूस चाचपडतो, काय जमते आणि काय सोसत नाही हे पारखून पाहतो. वडिलांच्या तरुणपणी हे चाचपडणे नव्हते, की ते परवडत नव्हते, हा प्रश्न त्यांनाच विचारण्यासारखा आहे आणि तो तुमच्या मुलीने विचारावा अशी माझी इच्छा आहे. त्याविषयी पुढे लिहिते.

फोनचा प्रकार मात्र वेगळा. तिथे मला खरोखर काळाचा ठसा दिसतो. वडील तरुण असताना फोन, असलाच तर, घराच्या एका कोपऱ्यात एका जागी असे आणि तो वाजला की कोणीतरी हातातले काम टाकून तो उचलत असे. कोण बोलते आहे हे उचलल्याशिवाय कळत नसे. न उचलणे म्हणजे दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवणे. तुमच्या मुलीच्या हातात फोन आला तेव्हा तो दिवसभर सोबत असणारी वस्तू झाला होता. समोरच्याला पूर्वसूचना न देता फोन करणे हा तिच्या वयाच्या अनेकांना व्यत्यय वाटतो, आणि संदेश पाठवून ‘सवडीने उत्तर दे’ अशी मोकळीक देणे हे सौजन्य वाटते. म्हणजे दोघेही आपापल्या परीने सभ्यपणेच वागत आहेत आणि दोघांनाही समोरचा असभ्य वाटतो आहे. असे मतभेद वरून तीव्र दिसले तरी सोडवायला सोपे असतात, कारण त्यात कोणाच्याही मूल्यांना धक्का लागत नाही. फक्त एक नियम ठरवावा लागतो. तातडीचे काम असेल तर आजोबांनी लागोपाठ दोनदा फोन करावा आणि तसा तो आला तर नातीने कुठल्याही परिस्थितीत उचलावा. एरवी एकदाच वाजलेल्या फोनला तिने संध्याकाळपर्यंत स्वतः फोन करून उत्तर द्यावे, संदेशाने नव्हे. हा नियमही शक्यतो त्यांनाच एकमेकांत ठरवू द्या.

आता ‘या पिढीला टिकून राहता येत नाही’ या वाक्याविषयी. जॉन प्रोट्झको आणि जोनाथन स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक गमतीची बाब आढळली. आजची मुले बिघडली आहेत ही तक्रार सरसकट नसते. माणूस स्वतः ज्या गुणात सरस असतो, नेमक्या त्याच गुणात त्याला पुढची पिढी कमी वाटते. ज्यांचे वाचन दांडगे, त्यांना हल्लीच्या मुलांना वाचनाची गोडी नाही असे अधिक वाटते. आपण आज जसे आहोत तसेच लहानपणीही होतो आणि आपल्या वेळची सगळी मुले तशीच होती, अशी आठवण मन तयार करते, हे त्यामागचे एक कारण असावे असे त्यांनी मांडले. तुमच्या वडिलांचा सर्वांत मोठा गुण चिकाटी हाच असेल, तर तुमच्या मुलीत त्यांना चिकाटीचाच अभाव दिसणे स्वाभाविक आहे. त्यांच्या तक्रारीत तुमच्या मुलीविषयी थोडेसे आहे आणि त्यांना स्वतःच्या आयुष्यात कशाचा अभिमान वाटतो याविषयी पुष्कळ आहे. हे मुलीला एकदा उमगले, तर ‘प्रवचन’ ऐकणे कदाचित थोडे सुसह्य होईल. उलट बाजूने पाहिले तर ‘आजोबांना काही सांगण्यात अर्थ नाही’ हाही पिढीवर मारलेला शिक्काच आहे. तरुणांनी मारला म्हणून तो उदारमतवादी ठरत नाही.

तरीही वडिलांच्या रागाचे मूळ नोकरीत आहे असे मला वाटत नाही. व्हर्न बेंग्टसन आणि जोसेफ कायपर्स या संशोधकांनी १९७१ साली एक विचार मांडला होता, जो नंतर अनेक कुटुंबांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा तपासला गेला: नात्यात थोरल्या पिढीची गुंतवणूक वेगळी असते आणि धाकट्या पिढीची वेगळी. आपण जे जपले ते पुढे चालू राहते आहे हे थोरल्यांना पाहायचे असते, म्हणून ते सारखेपणा आणि जवळीक वाढवून सांगतात. धाकट्यांना आपण कोणीतरी स्वतंत्र आहोत हे सिद्ध करायचे असते, म्हणून ते वेगळेपण वाढवून सांगतात. एकाच नात्याविषयी विचारले तर आईवडील ते मुलांपेक्षा अधिक जवळचे असल्याचे सांगतात. आजोबांना आपले आणि नातीचे नाते फार जवळचे वाटत असणार, आणि ही बातमी मात्र त्यांना बाहेरच्या माणसाकडून मिळाली. घरातल्या दोन माणसांना ठाऊक असलेली गोष्ट आपल्यापासून दोन महिने लपवली गेली, हे शहात्तराव्या वर्षी फार लागते. ‘टिकून राहता येत नाही’ हे वाक्य बोलायला सोपे आहे. ‘मला का नाही सांगितलेत’ हे विचारणे अवघड आहे. एका पत्रावरून मी खात्रीने सांगू शकत नाही, पण तुम्हाला ते पडताळून पाहता येईल.

आणि इथे तुमच्याविषयी थोडे स्पष्ट लिहावे लागेल. मुलीने लपवायला सांगितले आणि तुम्ही लपवले; हेतू भांडण टाळण्याचा होता, हे मी समजू शकते. पण अशा लहानमोठ्या शेकडो प्रसंगांत तुम्ही दोघांना एकमेकांपासून वाचवत आल्या असाव्यात. वडिलांना तुम्ही सांगत असाल, ‘तिच्यावर सध्या ताण आहे, काही बोलू नका.’ मुलीला सांगत असाल, ‘त्यांचे वय झाले आहे, सोडून दे.’ दोन्ही वाक्ये मायेपोटीच येतात. पहिल्यामुळे आजोबांच्या मनात नातीचे चित्र तयार होते ते एक शब्दही न सोसणाऱ्या नाजूक मुलीचे. दुसऱ्यामुळे नातीच्या मनात आजोबांचे चित्र तयार होते ते ज्याच्याशी वाद घालण्याचीही गरज उरली नाही अशा माणसाचे. एखाद्याचे म्हणणे खोडून काढण्याइतकेही त्याला महत्त्व न देणे, यात आदर कुठे आहे? तुमच्या मुलीने आजोबांशी तळमळीने, सभ्य शब्दांत भांडावे, हे मला तिच्या आजच्या अबोल्यापेक्षा कितीतरी अधिक आदराचे वाटते. तुम्ही दोघांच्या बोलण्याची धार काढून ते पुढे पोहोचवता, त्यामुळे भांडण होत नाही, पण समोरच्याच्या मनात नेमके काय आहे तेही कोणाला कळत नाही. दोघांनाही ठाऊक आहे ते तुम्ही केलेले एकमेकांचे वर्णन.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे आहे तसेच चालू ठेवणे. काळाने राग ओसरेल, घर पूर्ववत दिसू लागेल आणि पुढच्या महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी हेच पुन्हा घडेल. दुसरी, जी बहुतेकांना पटकन सुचते, ती म्हणजे तिघांनी एकत्र बसून ‘एकदाचे बोलून टाकणे’. मी ती सुचवणार नाही. अशा बैठकीत तुम्ही आपोआप न्यायाधीश होता, दोघेही एकमेकांऐवजी तुमच्याकडे पाहून बोलतात, आणि ज्याला दोन महिने अंधारात ठेवले गेले त्या माणसाला पुन्हा एकदा आपण एकटे आणि समोर दोघी असे वाटते. तिसरी वाट म्हणजे तुम्ही मधून बाजूला होणे. ती अवघड आहे, कारण सुरुवातीला घरातला ताण वाढेल. आजवर तुमच्यात मुरणारी नाराजी आता थेट समोर येईल. तरीही मला हीच योग्य वाटते.

त्यासाठी वडिलांशी एकटीने बोला. ‘ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवली, ते चुकले, तुम्हाला वाईट वाटले असणार’ एवढेच म्हणा. तिने सांगितले होते म्हणून, तुमची तब्येत जपायची होती म्हणून, तुम्ही रागावला असता म्हणून, असे कुठलेही शेपूट त्याला जोडू नका. मग ते जे बोलतील ते ऐका. राग नोकरीचा असेल तर ते नोकरीविषयी बोलतील, लपवण्याचा असेल तर तेही लगेच लक्षात येईल. त्यानंतर दोघांना स्वतंत्रपणे सांगा, की यापुढे एकाचा निरोप दुसऱ्याकडे तुम्ही नेणार नाही. वडील म्हणतील, ‘तिला जरा सांग.’ तुम्ही म्हणा, ‘ती आतल्या खोलीत आहे, तुम्हीच सांगा.’ मुलगी म्हणेल, ‘आजोबांना काय झाले आहे?’ तुम्ही म्हणा, ‘त्यांनाच विचार.’ हे कोरडे वाटेल आणि पहिल्या काही वेळा तुमची जीभ मधे पडायला शिवशिवेल.

मुलीने आजोबांशी बोलायचे कसे, हा तिच्यापुढचा खरा पेच असेल. आपला निर्णय पटवून देण्यापासून तिने सुरुवात करू नये. माणसाला उतारवयात सर्वांत जास्त आणि सर्वांत स्पष्ट आठवणी येतात त्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या; स्मरणशक्तीच्या अभ्यासात हे पुन्हा पुन्हा आढळलेले आहे. तिने त्यांना तिच्याच वयाविषयी विचारावे: तेविसाव्या वर्षी ते कुठे होते, ती नोकरी त्यांनी निवडली होती की मिळाली म्हणून घेतली होती, सोडावीशी कधी वाटली होती का, आणि वाटली असेल तर कशामुळे थांबले. आयुष्याची यशोगाथा ऐकण्यासाठी नव्हे. निर्णय घेण्यापूर्वीची त्यांची घालमेल ऐकण्यासाठी. शेवट ठाऊक झाल्यावर थोरली माणसे आपली घालमेल विसरतात आणि सगळे ठरल्याप्रमाणे झाले असे सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते प्रवचन वाटते. प्रश्न खरा असावा, मात्र. उत्तरात रस नसेल तर तिने विचारूच नये. वयस्कांना उपचार म्हणून विचारलेला प्रश्न लगेच ओळखू येतो.

आजोबांकडूनही एक अपेक्षा ठेवणे रास्त आहे, आणि ती त्यांना नातीनेच सांगावी. ‘मी तुम्हाला सांगते आहे, आत्ता सल्ला नको आहे, ऐकून घ्या. सल्ला हवा असेल तेव्हा मी मागेन.’ हे वाक्य उद्धट नाही. त्यातल्या शेवटच्या वचनामुळे तर ते सन्मानाचे ठरते, पण मग तिने खरोखर कधीतरी सल्ला मागायला हवा. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सेन यांच्या संशोधनातून असे दिसते, की पुढे उरलेला काळ मर्यादित आहे असे वाटू लागले की माणसाला नव्या ओळखी आणि नवी माहिती यांपेक्षा मोजक्या जवळच्या माणसांचा सहवास महत्त्वाचा वाटू लागतो. काळ भरपूर आहे असे वाटणारा मात्र नवे शोधायला बाहेर पडतो. तुमच्या वडिलांना नातीशी बोलायची घाई आहे आणि नातीला वाटते, की ते कधीही बोलता येईल.

एक अगदी साधी गोष्ट पत्रात नाही, पण विचारून ठेवते. वडिलांचे ऐकणे तपासले आहे का? वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श यांसारखी व्यंजने निसटतात, बोलणे ऐकू येते पण शब्द उलगडत नाहीत, विशेषतः समोरचा भरभर बोलत असेल किंवा टीव्ही सुरू असेल तेव्हा. अशी माणसे पुन्हा पुन्हा विचारण्याचा संकोच वाटून गप्प बसतात किंवा उत्तर देण्याची वेळ येऊ नये म्हणून स्वतःच बोलत राहतात. हट्टीपणा म्हणून पाहिलेल्या कितीतरी गोष्टी श्रवणयंत्राने सुटू शकतात. तपासणी करून घ्या आणि तोवर मुलीला दुसऱ्या खोलीतून ओरडून बोलण्याऐवजी समोर बसून बोलायला सांगा. त्याचप्रमाणे, वडील केवळ नातीशी नव्हे तर सगळ्यांशीच बोलेनासे झाले असतील, झोप उडाली असेल, आवडीच्या गोष्टींतून मन उठले असेल, तर ते पिढीच्या माथी न मारता डॉक्टरांना दाखवा. उतारवयातले नैराश्य रुसवा समजून दुर्लक्षिले जाते.

सगळे मतभेद मिटतील असे मात्र मनाशी धरू नका. नोकरी सोडण्याचा निर्णय वडिलांना कदाचित कधीच पटणार नाही, आणि तो पटण्याची गरजही नाही. ती सध्या तुमच्या खर्चाने राहत असेल, तर किती काळ आणि कोणत्या अटींवर, हे तुम्ही आणि ती मिळून ठरवा. तो व्यवहार आजोबांच्या संमतीवर टांगून ठेवू नका. त्यांना संमतीचा अधिकार नसला, तरी घरात काय चालले आहे हे घरच्यांकडून कळण्याचा अधिकार आहे.

तुमच्यासारखी पत्रे इतरही अनेकांकडून येतात: आई आणि पत्नी यांच्यामध्ये सापडलेले मुलगे, वडील आणि धाकटा भाऊ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या बहिणी, ज्येष्ठ सहकारी आणि नवे कर्मचारी यांच्यामध्ये अडकलेले विभागप्रमुख. त्यांनी एवढे तरी करून पाहावे, की पुढच्या वेळी कोणी ‘त्याला सांग’ म्हणेल तेव्हा निरोप घेण्याआधी ‘तुम्ही स्वतः त्याला हे कधी सांगितले आहे का?’ असे विचारावे. उत्तर बहुधा ‘नाही’ असते. जिथे मारहाण, धमकी किंवा सततचा अपमान आहे तिथे मात्र हा सल्ला लागू होत नाही. तिथे मधे माणूस असणेच आवश्यक आहे.

तुमच्या बाबतीत क्रमाची एक काळजी घ्या. वडिलांकडे जाण्याआधी मुलीला सांगा, की तुम्ही त्यांच्याशी या लपवण्याविषयी बोलणार आहात आणि त्यात तिचे नाव पुढे करणार नाही. ती कदाचित नको म्हणेल. तिची परवानगी मागू नका, फक्त कल्पना द्या. तिला अंधारात ठेवून वडिलांशी बोलणे हे पुन्हा तेच केल्यासारखे होईल.